उलट्या, जुलाब आणि दर दोन मिनिटांनी एक चमचा

मुलाला पहिली उलटी झाली तेव्हा घरात निदानं तयारच होती. सासूबाई म्हणाल्या, दात येतायत. नवरा म्हणाला, वाढदिवसाला गेला होता तिथलं काहीतरी बाधलं. अडीच वर्षांच्या पोराच्या दाढा येत होत्या हे खरं, पण पहाटेपर्यंत अंगात ताप भरला आणि पाण्यासारखी शी सुरू झाली. दाढांनी एवढं होत नाही.

डॉक्टरांनी औषधांआधी प्रश्न विचारले. शेवटची शू कधी केली? रडताना डोळ्यांतून पाणी येतंय का? शीत रक्त आहे का? मग पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच जागेवर जाते का ते पाहिलं. शरीरातलं पाणी फार कमी झालं असेल तर ती सावकाश बसते. आमची बसली लगेच. जीभ मात्र कोरडी होती आणि पाणी दिसलं की तो अधाशासारखा ओढत होता. हेही पाणी कमी झाल्याचंच लक्षण, हे मला माहीत नव्हतं. मी उलट ‘पितोय तरी’ म्हणून खूश होते.

हा बहुधा विषाणूचा गॅस्ट्रो आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, असं त्यांनी सांगितलं. ‘जुलाब थांबवायचं काही द्या ना,’ असं सासूबाईंनी म्हटल्यावर ते म्हणाले, ‘आजी, लहान मुलांना ते देत नाहीत. जायफळही उगाळून देऊ नका. त्याने गुंगी येते, मग पोर झोपलंय की मलूल पडलंय ते कळत नाही.’ सहाण आदल्या रात्रीच बाहेर आली होती. ती परत फडताळात गेली.

चिठ्ठीवर ओआरएस (पाण्यात कालवून पाजायची मीठ-ग्लुकोजची पुडी), झिंक आणि तापाचं औषध एवढंच. खरी कसोटी ओआरएसची. दिलं की उलटी, म्हणून घरातला सूर एकच: पोटाला जरा आराम द्या. डॉक्टरांचं म्हणणं नेमकं उलटं. वाटीभर एकदम पाजलं तर उलटून येणारच. चमच्याने, एकदोन मिनिटांनी एक चमचा, असं द्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, आणखी सावकाश. शिवाय प्रत्येक पातळ शीनंतर १०० ते २०० मिली. हे ऐकायला सोपं वाटतं. रात्री अडीच वाजता, मोबाईलवर घड्याळ लावून, तोंड घट्ट मिटलेल्या पोराच्या गालातून चमचा आत सारताना सोपं वाटत नाही. पण बरंचसं आत राहतं, हे दुपारी शूने भिजलेलं लंगोट पाहून पटलं. ओल्या लंगोटाचं एवढं कौतुक आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

पुडीबद्दल एक सांगते. लहान पुडी २०० मिलीची, मोठी एक लिटरची, दिसायला सारख्याच. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर मीठ धोकादायक होतं, म्हणून मागचं वाचायचंच. एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, हे प्रमाण मुद्दाम ठरवलेलं आहे: आतड्यात ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आत शिरतं आणि त्यामागे पाणी जातं. जुलाबातही ही वाट सुरू राहते. साखर जास्त झाली की उलट पाणी आतड्यात ओढलं जातं. फळांच्या चवीची जी गोड खोकी औषधांच्या दुकानात ओआरएस म्हणून मिळायची, त्यांचं दुखणं तेच. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांवर ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली. आमच्या दुकानदाराने तरी ‘मुलांना हे आवडतं’ म्हणून एक खोकं पुढे केलंच.

खाणं बंद करायचं नव्हतं. मऊ दहीभात, मुगाची खिचडी, केळं, जे जाईल ते. झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. ‘रोटाचे डोस झाले होते ना?’ हे सगळ्यांनी विचारलं. झाले होते. ती लस रोटाव्हायरसच्या गंभीर आजारापासून वाचवते. बाकीचे विषाणू मोकळेच असतात.

मग नवराही आजारी पडला. घरभर सॅनिटायझरच्या बाटल्या होत्या, पण नोरोव्हायरससारख्या उलट्या-जुलाबांच्या विषाणूंना अल्कोहोल फारसं जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं, विशेषतः लंगोट बदलल्यावर.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याला जीबीएसचे (गिलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन अशक्तपणा आणणारा आजार) रुग्ण निघाले, त्यांतल्या काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबांचा जीवाणू आणि नोरोव्हायरस सापडले होते. त्यामुळे जुलाबानंतर पायांत अशक्तपणा किंवा मुंग्या आल्या तर थेट मोठं रुग्णालय गाठायचं, हे पुण्यात आता शेजारीपाजारीही सांगतात.

सोसायटीची जमिनीखालची टाकी नंतर धुऊन घेतली. झाकणाला फट होती, ती बुजवली. आजार त्या पाण्यातून आला की वाढदिवसातून, कळायला मार्ग नाही. शीची तपासणी डॉक्टरांनी सांगितली नव्हती. रक्त नसेल तर तिच्या निकालाने बहुतेक वेळा उपचार काही बदलत नाहीत.