पासष्ट कॅरेट

टायर गोटा झाला, असे आमच्याकडे सर्रास म्हणतात. नारायणगावच्या मीना नदीच्या पात्रात पाण्याने घासून गुळगुळीत झालेले गोटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माझ्यासाठी मात्र २०२५ च्या मे महिन्यापर्यंत तो नुसता शब्दच होता. आमच्या पिकअपची चाके मी रोज पाहत होते, पण अंगणात कायम उभ्या असलेल्या वस्तूकडे आपण पाहतो तसे, म्हणजे न पाहता. एका सकाळी धाकटे दीर उकिडवे बसून मागच्या चाकाच्या खाचेत रुपयाचे नाणे उभे करू पाहत होते आणि ते नाणे पुन्हा पुन्हा खाली पडत होते. ‘वहिनी, हे बघा, रुपयासुद्धा धरत नाही आता,’ ते म्हणाले. घरातला रुपया धरून ठेवण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे हे वाक्य टायरबद्दल होते की माझ्याबद्दल, हे मला लगेच कळले नाही. चार टायरांचे मिळून चौतीस हजार होतील असा अंदाज त्यांनी दुपारी जेवताना सांगितला, तेव्हा कळले.

नाण्याची गरजच नसते, हे मला नंतर समजले. टायरच्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात आणि ते नेमके कोठे आहेत ते दाखवण्यासाठी बाजूच्या भिंतीवर टीडब्ल्यूआय ही अक्षरे किंवा एक छोटा त्रिकोण असतो. झिजत झिजत वरचे रबर त्या उंचवट्यांच्या पातळीला आले, म्हणजे खाचेची खोली १.६ मिलिमीटर उरली आणि त्या टायरचे रस्त्यावरचे दिवस संपले असे समजायचे. कोरड्या रस्त्यावर गोटा झालेला टायरही नीट पळतो, म्हणून तर तो लवकर कोणी बदलत नाही. खाचांचे खरे काम पावसात असते. चाकाखाली आलेले पाणी त्यांतून बाजूला फेकले गेले नाही, तर रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि गाडी त्यावर तरंगते. आमची गाडी टोमॅटोचे कॅरेट, म्हणजे प्लॅस्टिकचे क्रेट, भरून ओतूर, मढ करत माळशेज घाट उतरते आणि मुरबाड, कल्याणमार्गे वाशीच्या बाजारात जाते. जून ते सप्टेंबर या घाटात दहा फुटांपुढचे दिसत नाही आणि रस्त्यावरून ओढा वाहत असतो. पाऊस महिन्यावर आला होता.

दुकानात मी बरोबर जाणार, हे ऐकून दिरांना फारसा आनंद झाला नाही. टायरच्या दुकानात बायका सहसा जात नाहीत. तिथे बसायला एक रिकामा ड्रम आणि एक जुनी रिम असते, कॉम्प्रेसरचा आवाज थांबला की बोलायचे आणि सुरू झाला की गप्प राहायचे असते. दुकानदाराने आधी मला खुर्ची आणून दिली आणि मग आमच्याशी न बोलता तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. मागच्या टायरवर त्याने लोखंडी टॉमी आपटली, आवाज ऐकला, मग तळहात रबरावरून आडवा फिरवला. ‘किती कॅरेट भरता?’ त्याने विचारले. ‘साठ-पासष्ट,’ दीर म्हणाले. दुकानदार नुसता हसला आणि मला म्हणाला, ‘ताई, या इकडे, हात लावून बघा.’

मी हात लावला. टायरच्या मधल्या भागात अजून थोडी नक्षी शिल्लक होती, पण दोन्ही कडा साफ झिजलेल्या होत्या. हवा जास्त असेल तर टायर मधोमध झिजतो, त्याने सांगितले. हवा कमी असेल किंवा ओझे जास्त असेल तर टायर दबतो आणि कडांवर चालतो. पुढचे टायर फक्त आतल्या बाजूने झिजले होते, म्हणजे अलाइनमेंट, चाकांची सरळ रेषा, बिघडलेली होती. माझे जुने डॉक्टर पेशंटची जीभ पाहून तो काय खाऊन आला आहे ते सांगत असत, त्याची मला आठवण झाली. हवा तर दीर दर आठवड्याला पाहतात, त्यात ते कधी चुकत नाहीत. तेव्हा राहिले ते ओझे.

आणि ओझ्याचा सगळा पुरावा माझ्या पर्समध्ये होता. प्रत्येक खेपेला किती कॅरेट गेले, काय भाव मिळाला, डिझेल किती, हमाली किती, हे मी एका वहीत लिहीत असते. टोमॅटोच्या कॅरेटमध्ये वीस किलो माल बसतो. पासष्ट कॅरेट म्हणजे बरोबर तेराशे किलो, आणि आमच्या पिकअपवर कागदोपत्री लादता येणारे वजनही तेवढेच. दीर जो आकडा सांगत होते तो गाडीत भरलेला नव्हता, कागदावरचा होता. वहीत मात्र ८०, ८५, ७८ असे आकडे ओळीने होते आणि २०२३ च्या जुलैत, वीस किलोच्या कॅरेटने दोन हजार रुपयांचा टप्पा ओलांडला होता त्या दिवसांतल्या एका पानावर तर ९२ होते. शिवाय रिकामे कॅरेटसुद्धा दीड किलोच्या पुढे भरते, हे आम्ही कोणीच कधी धरले नव्हते. पंच्याऐंशी कॅरेट म्हणजे माल सतराशे किलो आणि वर सव्वाशे किलो नुसते प्लॅस्टिक. भाव चढला की संधी सुटू नये म्हणून जास्त भरायचे आणि भाव पडला की निदान भाडे तरी सुटावे म्हणून जास्त भरायचे, असा आमचा दोन्ही बाजूंनी बिनतोड युक्तिवाद होता. मी वही काढली नाही, पण पर्स घट्ट धरली, आणि दिरांनी ते पाहिले.

टायरच्या भिंतीवर इतका मजकूर असतो आणि तो आपण कधी वाचत नाही, याचे मला त्या दिवशी नवल वाटले. आमच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे होते. टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, रचना रेडियल आणि आतल्या रिमचा व्यास १५ इंच. एकाच आकड्यात मिलिमीटर, टक्के आणि इंच एकत्र नांदतात, हे पाहून शाळेत गणित शिकवणाऱ्यांनी काय म्हटले असते कोण जाणे. त्यापुढचा १०६ हा अंक मात्र सगळ्यांत महत्त्वाचा. तो वजनाचा सांकेतिक अंक असतो. १०६ म्हणजे एका टायरने ९५० किलो पेलावे, १०९ म्हणजे १,०३० आणि ११२ म्हणजे १,१२०. मी दुकानातल्याच एका बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला. मागच्या दोन टायरांची ऐपत एकोणीसशे किलो. मागच्या बाजूला गाडीचे स्वतःचे साडेसहाशे किलो येतात असे धरले आणि माल आणि रिकामे कॅरेट यांचा मिळून चार-पंचमांश भार मागे पडतो असे धरले, तर पासष्ट कॅरेटांना हिशोब पावणेअठराशेच्या आसपास बसतो. पंच्याऐंशी कॅरेटांना तो एकविसशेच्या वर जातो. गेली दोन-तीन वर्षे आमची दोन चाके दर खेपेला दोनशे किलो उधारीवर वाहत होती, आणि तीही मे महिन्याच्या उन्हात. दबलेले रबर चालताना सारखे वाकते आणि सरळ होते, त्या वाकण्याने आतून तापते, आणि टायर फुटतो तो बहुतेक वेळा या तापण्यानेच.

‘मग दहा प्लायचा घ्या, वरच्या अंकाचा,’ दुकानदार म्हणाला. प्लाय म्हणजे पूर्वी टायरमध्ये घातलेले सुती कापडाचे थर. आता थर तेवढे नसतात, पण मजबुतीची मोजणी त्याच जुन्या नावाने चालते. दिरांचा चेहरा खुलला. मला मात्र या सल्ल्यात एक मेख दिसत होती. वजन वाढले म्हणून मोठ्या मापाचा ब्लाउज शिवून घेण्यात गैर काही नाही, पण त्याने गुडघ्यांवरचा भार कमी होत नाही. टायर दहा प्लायचा झाला तरी ब्रेक, पाटे आणि एक्सल जुनेच राहणार होते. वरच्या अंकाचे ओझे पेलायचे तर टायरमध्ये हवाही त्या मानाने जास्त भरावी लागते, आणि मग परतीच्या रस्त्यावर रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्याला उडते. शेवटी आम्ही दहा प्लायचाच घेतला, पण मी दुकानातच जाहीर केले की यापुढे सत्तरच्या वर कॅरेट जाणार नाहीत. ‘मग वरच्या अंकाचा टायर कशाला?’ दिरांनी विचारले. ‘तुम्ही बहात्तर भराल म्हणून,’ मी म्हणाले.

नक्षीवरून वाद झाला तो वेगळाच. दिरांना मागे बटन टायर हवे होते, म्हणजे जाड ठोकळ्यांचे, चिखलात पकडणारे. दुकानदाराने विचारले, ‘चिखल किती आणि डांबर किती?’ शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत आमची वाट सातशे मीटरची आणि तिथून वाशी दीडशे किलोमीटरच्या पुढे. हिशोबाने पाहिले तर सातशे मीटरसाठी उरलेला सगळा रस्ता घरघर आवाज ऐकत, जास्त डिझेल जाळत काढायचा, हा शुद्ध वेडेपणा होता. पण ही सातशे मीटरची वाट काळ्या मातीची आहे. श्रावणात एकदा भरलेली गाडी तिथे रुतली होती, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत तीन तास गेले आणि बाजार गाठेपर्यंत लिलाव उरकलेला होता. अशा वेळी सरासरी काढून उपयोग नसतो. पुढे सरळ रेघांचे आणि मागे मधल्या जातीचे, मध्ये रेघा आणि कडांना ठोकळे असलेले टायर घ्यायचे ठरले. दिरांना ७.०० आर १५ हे माप घालून गाडी थोडी उंच करण्याचीही हौस होती. तो टायर आमच्या टायरपेक्षा साडेचार-पाच सेंटिमीटरने उंच असतो, त्यामुळे काट्यावर दिसणारा वेग खऱ्या वेगापेक्षा कमी दिसतो आणि चढावर इंजिनला जास्त जोर लावावा लागतो, असे दुकानदारानेच सांगितले, म्हणून मला वाईटपणा घ्यावा लागला नाही.

त्याच दुकानात कोपऱ्यात आमच्याच मापाचे दोन टायर दीड-दोन हजारांनी स्वस्त होते. ते नवेच होते, त्यांच्यावरचे रबराचे केसही शाबूत होते. मी ब्रेड घेताना तारीख पाहते त्या सवयीने खाली वाकले. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे १४२१ होते, म्हणजे २०२१ सालचा चौदावा आठवडा. चार वर्षे हे टायर कोठेतरी पडून होते, आणि रबर न वापरताही म्हातारे होते, हे घरातल्या कुकरच्या गास्केटने मला फार पूर्वी शिकवले आहे. मी काही बोलले नाही, फक्त त्या आकड्यांवर बोट ठेवले. दुकानदाराने ते टायर हाताने आणखी मागे सरकवले.

कंपनी कोणती घ्यायची, यावर गावात जितकी घरे तितकी मते आहेत, आणि ती मते कुलदैवतांसारखी वडिलांकडून मुलांकडे जातात. दिरांचा एक मित्र ‘आपल्या नाशिकचा टायर’ म्हणून सिएटचा अभिमान बाळगतो. कंपनीचा कारखाना नाशिकला आहे हे खरे, पण नाव मात्र १९२४ साली इटलीतल्या तोरिनो शहरात सुरू झालेल्या कंपनीच्या आद्याक्षरांचे आहे, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. एमआरएफची सुरुवात तर १९४६ साली मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे करण्यापासून झाली. टायरच्या भिंतीला आतून तार तुटून जो टेंगळासारखा उंचवटा येतो त्याला आमच्याकडे ‘फुगा आला’ म्हणतात, त्यामुळे ही माहिती टायरच्या दुकानात मोठ्याने सांगण्याजोगी नाही.

जुन्या टायरांना रिमोल्ड करण्याचा, म्हणजे वरून नवे रबर चढवून घेण्याचा, विचार फार वेळ टिकला नाही, कारण एका टायरच्या कडेला तार दिसू लागली होती. त्यातल्या त्यात बरा निघालेला एक टायर स्टेपनीला लागला. हा शब्द आपण इतका आपला करून टाकला आहे की तो वेल्समधल्या लानेथ्ली नावाच्या गावातल्या एका रस्त्याचे नाव आहे, हे खरे वाटत नाही. स्टेपनी स्ट्रीटवर दुकान असलेल्या दोन डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीला जादा चाक देण्याची युक्ती काढली. त्या काळी मोटारींना जादा चाक नसेच.

चौतीस हजारांच्या त्या बिलात २८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबरमध्ये तो १८ टक्क्यांवर आला, तेव्हा दिरांनी कॅल्क्युलेटर घेऊन हिशोब केला आणि चार महिने थांबलो असतो तर अडीच हजारांच्या वर वाचले असते, असे मला ऐकवले. त्या चार महिन्यांत गाडी माळशेज किती वेळा उतरली ते मी वहीत पाहून सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत.

नवे टायर चढवून गाडी घरी आली त्या दिवशी माझ्या मुलीने चारही चाकांवरचे रबरी केस एक एक करून उपटून काढले, आणि सासूबाईंनी नव्या चाकांना हळदीकुंकू लावून नारळ वाढवला. दुसऱ्या पहाटे पहिली खेप होती. मी दिवा घेऊन बाहेर आले आणि हौद्याच्या मागे उभी राहून कॅरेट मोजू लागले. रांगा नीट लावलेल्या होत्या, सात-सातच्या दहा. सत्तर. मी समाधानाने वहीत आकडा लिहिला आणि सहज वर पाहिले तर केबिनच्या टपावर ताडपत्रीखाली काहीतरी चौकोनी होते.

‘ते दोन आत्याच्या घरी द्यायचेत, वहिनी,’ दीर स्टेअरिंगवर बसता बसता म्हणाले, ‘ते विकायचे नाहीत, मग मोजायचे कशाला?’