लाल पोल्सर : अखेर क्नेक आला!

घरी केलेल्या पोल्सरचं, म्हणजे डेन्मार्कच्या लाल सॉसेजचं, केसिंग (मांस भरायची आतड्याची साल) दाताखाली टक्कन तुटलं! मागच्या खेपेला ही साल रबरासारखी चिवट झाली होती, ती अडचण एकदाची गेली. कोपनहेगनच्या चांगल्या पोल्सेवोनवर (सॉसेजच्या गाडीवर) पहिल्याच घासाला येतो तो क्नेक, म्हणजे साल तुटतानाचा टक्क आवाज, काल घरी आला.

मिश्रणाची अडचण नव्हतीच. डुकराचं मांस, चरबी, १.८ टक्के मीठ, बर्फाचा चुरा. वाटण १२ अंशांच्या वर जाऊ दिलं नाही की चरबी सुटत नाही. घोडं अडत होतं सालीपाशी. मेंढीचं २०-२२ मिलिमीटरचं केसिंग बदललं, जास्त वेळ भिजवलं, लिंबाच्या पाण्यातून काढलं; फरक शून्य. मग लक्ष धुराकडे गेलं. धुरातली द्रव्यं सालीतल्या प्रथिनांना आवळतात, पण साल कोरडी असली तरच. ओलीवर नुसता काळपट थर बसतो आणि ती चिवटच राहते. म्हणून या वेळी भरलेली पोल्सर रात्रभर फ्रीजमध्ये उघडी टांगली. सकाळी बोटाला ओल लागेना. मग झाकणाच्या ग्रिलमध्ये बीचच्या लाकडाचा धूर, साधारण ६० अंशांवर. नंतर ७५ अंशांच्या पाण्यात, आतलं तापमान ७२ होईपर्यंत, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. हे शेवटचं गार करणं गाळू नका. त्यानेच साल सुरकुतत नाही.

केसिंगबद्दल माझं मत पक्कं झालंय: मिठात ठेवलेल्या केसिंगची जुडी घ्या. नळीवर चढवून मिळणारं सोयीचं, पण महाग.

रंगही जमला. बीटचा रंग गरम पाण्यात तपकिरी पडायचा, कार्माइन (किड्यांपासून काढलेला लाल रंग) टिकलं. शिळी पोल्सर ओळखू यावीत म्हणून पूर्वी ती लाल रंगवून स्वस्तात विकत, असं इथे डेन्मार्कमध्ये सांगतात. आता तोच लाल रंग मागून घेतात. १९२१ साली कोपनहेगनमध्ये पहिल्या गाड्या लागल्या, तेव्हापासूनचं हे खाणं. त्याचा रंग चुकवून चालणार नाही.

लाल पोल्सरला पाव बाजूला, सोबत मोहरी आणि केचप, एवढंच. पावात घालायची ती भाजलेली: वर रेमुलाड (मेयोनेजचं पिवळं सॉस), कच्चा कांदा, तळलेला कांदा, काकडीच्या आंबटगोड चकत्या. कांदा मैद्यात घोळवून घरीच तळला, डब्यातल्यापेक्षा कितीतरी खमंग. रेमुलाडमध्ये हळद आणि करी पावडर असतेच. मी हळद चिमूटभर वाढवली आणि ती शोभली.

पुढची पाळी फ्रेंच हॉटडॉगची (यात पावाच्या भोकात सॉसेज खुपसतात) ठरली होती, पावाला भोक पाडायची सळईसुद्धा आणून ठेवलीय. पण हे लिहितानाच सुचलं: सुकवलेली साल भाजताना फुटते का, ते आधी बघायला हवं. फुटली नाही, तर धूर वगळून नुसतं सुकवून भाजायचं. धुराशिवाय क्नेक येत असेल तर ग्रिल नसलेल्यांनाही हे जमेल. म्हणजे फ्रेंच पुढे ढकललं. शुक्रवारी केसिंग भिजत घालतोय. कोणी धुराशिवाय करून पाहिलं असेल तर सालीची जाडी आणि तव्याची आच जरूर कळवा.