महाराष्ट्राचे खासदार 48च का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. निवडणूक जवळ आली की हा प्रश्न मला हमखास येतो. 1971 साली राज्याची लोकसंख्या 5 कोटी होती, 2011 ला सव्वाअकरा कोटी झाली, मग लोकसभेच्या जागा तेवढ्याच कशा? आपल्यावर अन्याय झालाय, हे विचारणाऱ्याने बहुधा आधीच ठरवलेलं असतं.

घटनेच्या कलम 81चा मूळ हिशेब सरळ आहे. लोकसंख्येला जागांचं प्रमाण सगळ्या राज्यांत होईल तितकं सारखं हवं, आणि जनगणना झाली की वाटप पुन्हा करायचं. लोकांचा वाटा घटला की जागाही जायच्या. तेव्हाच्या मद्रास राज्याच्या 41 जागा 1967 च्या निवडणुकीत 39 झाल्या. पुढे, कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांनी त्यापायी खासदार का गमवावेत, हा प्रश्न उभा राहिला. 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने राज्यांचे वाटे 1971 च्या जनगणनेवर गोठवले, आणि 2001 च्या 84व्या दुरुस्तीने ती मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली.

याचा परिणाम 2011 च्या आकड्यांत दिसतो. राजस्थानात एका खासदारामागे सुमारे 27 लाख लोक, केरळमध्ये 17 लाखांच्या आत. आपण मध्ये, 23 लाखांच्या आसपास. 543 जागाच पुन्हा वाटल्या, तर तमिळनाडूच्या 39 च्या जेमतेम 32 उरतील, केरळच्या 20 च्या 15. उत्तर प्रदेश 80 वरून नव्वदीला टेकेल. आणि महाराष्ट्र? फार तर दोन जागा जास्त. देशाच्या लोकसंख्येत आपला वाटा 1971 लाही नऊ टक्क्यांच्या थोडा वर होता, 2011 लाही तेवढाच. आपण वाढलो, पण देशही त्याच वेगाने वाढला. अन्यायाची तक्रार इथेच ढिली पडते.

दक्षिणेची धास्ती कशी असते ते समजायला चेन्नईपर्यंत जायची गरज नाही, कोकण पुरे. राज्यांचा आकडा गोठलेला असला तरी राज्याच्या आतल्या सीमा 2001 च्या जनगणनेवरून बदलल्या आणि 2009 च्या निवडणुकीत लागू झाल्या. नाथ पै आणि मधु दंडवते यांचा राजापूर मतदारसंघ त्यात नाहीसा झाला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एकच उरला. तिकडे कल्याण आणि भिवंडीला स्वतंत्र खासदार मिळाले. माणसं मुंबई-ठाण्याकडे गेली, जागाही त्यांच्या मागोमाग गेली. कोकणी माणसाला विचारा, गणित चुकलं असं तो म्हणणार नाही, पण खूशही नसतो. तरी 2024 ला ठाण्यात सुमारे 25 लाख मतदार होते आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात साडेचौदा लाख. म्हणजे ती फेररचनाही शिळी झाली.

माझं मत विचाराल तर लोकसभेत माणसं मोजूनच जागा द्याव्यात. राजस्थानातल्या मतदाराचं मत केरळातल्यापेक्षा हलकं का असावं? राज्यांची भीती खोटी नाही, पण तिचा इलाज राज्यसभेत हवा, आणि आपली राज्यसभाही बव्हंशी लोकसंख्येवरच बेतलेली: उत्तर प्रदेश 31, महाराष्ट्र 19, केरळ 9, सिक्कीम 1. अमेरिकेच्या सिनेटमध्ये लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात. तितकं टोक मला नको, पण 31 आणि 9 यांतलं अंतर कमी करता येईल. सभागृह मोठं करून कुणाच्याच जागा न घटवण्याची युक्तीही सुचवली जाते. तसं झालं तर आपले खासदार 48 हून बरेच जास्त होतील, सभागृहातला टक्का मात्र नऊच्या आसपासच राहील.