‘बेल ऑफ लुइव्हिल’: वाफेच्या बोटीची सफर, माझा अनुभव

अमेरिकेतील केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या काठी वसलेल्या लुइव्हिल शहरात एकाच धक्क्यावरून सफरीच्या दोन बोटी निघतात. ज्यांना खास वाफेच्या बोटीसाठी जायचे आहे त्यांनी तिकीट काढण्याआधी बोटीचे नाव नीट पाहून घ्यावे. ‘मेरी एम. मिलर’ डिझेलवर चालते. वाफेवर चालते ती ‘बेल ऑफ लुइव्हिल’. माझे बाबा भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते आणि वाफेची इंजिने उघडून पुन्हा जोडण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांना ‘बेल’वरच न्यायचे, हे मी केव्हाच ठरवून ठेवले होते.

प्रत्यक्षात ते जमायला वेळ लागला. थंडीचे महिने ही बोट धक्क्यालाच बांधलेली असते, त्यामुळे फेऱ्या उन्हाळ्याच्या आगेमागेच मिळतात. आणि वसंतात वरच्या प्रदेशातील पावसाने ओहायोला पाणी चढले, ओंडके वाहून येऊ लागले, की ठरलेली फेरीही पुढे ढकलावी लागते. आमची पहिली तारीख नदीच्या पाण्यानेच गेली. म्हणून पाहुणे थोड्या दिवसांसाठी येणार असतील, तर त्यांच्या मुक्कामाच्या सुरुवातीची तारीख घ्यावी, म्हणजे हाताशी दुसरी तारीख उरते. धक्का म्हणजे नदीकडे उतरत जाणारा फरसबंदी उतार आहे. ज्यांचे गुडघे दुखतात अशा वडीलधाऱ्यांना घेऊन जाताना वेळेच्या बरेच आधी पोहोचावे आणि सावकाश उतरावे.

लवकर पोहोचण्याचा आणखी एक लाभ म्हणजे कॅलिओपी. बोटीच्या छतावर पितळी शिट्ट्यांची रांग असते, तिच्यात बॉयलरची वाफ सोडून सूर वाजवतात. हे वाद्य मुळातच दूरच्या गावांना बोट आल्याची वर्दी देण्यासाठी असल्याने जवळून त्याचा आवाज फार मोठा वाटतो. लहान मुले बरोबर असतील तर थोडे लांब उभे राहिलेले बरे.

ही बोट १९१४ साली पिट्सबर्गच्या जेम्स रीस अँड सन्स या कारखान्यात बांधली गेली. तेव्हा तिचे नाव ‘आयडलवाइल्ड’ होते आणि मेम्फिस परिसरात ती उतारू व माल यांची ने-आण करीत असे. १९४८ साली तिला ‘अ‍ॅव्हलॉन’ हे नाव मिळाले आणि पुढे बरीच वर्षे ती नद्यानद्यांतून गावोगाव सफरी घडवीत हिंडली. १९६२ साली ती जीर्ण अवस्थेत लिलावात निघाली, तेव्हा लुइव्हिल ज्या परगण्यात येते त्या जेफरसन काउंटीने ३४,००० डॉलरना ती विकत घेतली. या खर्चावर त्या काळी टीका झाली. मला मात्र तो निर्णय अतिशय दूरदृष्टीचा वाटतो, कारण त्यानंतर काही दशकांतच अशा बोटी जवळजवळ नाहीशा झाल्या आणि आज चालू असलेल्या मिसिसिपी धाटणीच्या वाफेच्या बोटींत हीच सर्वांत जुनी आहे.

बोटीवर चढल्यावर बहुतेक लोक हवेसाठी वरच्या डेकवर जातात. माझा आग्रह असा, की पहिला अर्धा तास खालच्या डेकवर, मागच्या बाजूला इंजिनापाशी काढावा. डाव्या-उजव्या कडेला एकेक आडवे सिलिंडर आणि त्यांच्यापासून पाणी मागे लोटून बोट पुढे नेणाऱ्या मागच्या लाल चाकापर्यंत गेलेले लांबलचक कनेक्टिंग रॉड, एवढीच ती रचना आहे. बॉयलर आता तेलावर तापवतात, पण वाफेचे पुढचे काम तेच. सुकाणूच्या खोलीतून घंटेचा इशारा आला, इंजिनवाल्याने हाताने वाफ सोडली, आणि तो भला मोठा दांडा आधी कुरकुरत, मग संथ लयीत मागेपुढे सरकू लागला. बाबा कठड्याला धरून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे बघ, दोन्ही बाजूंच्या क्रॅंक, म्हणजे दांड्याच्या जोराने चाक फिरवणारे हात, एकमेकींशी काटकोनात बसवल्यात. एक इंजिन टोकाला जाऊन अडलं, तर त्याच वेळी दुसऱ्याचा जोर पूर्ण असतो. आपल्या रेल्वेच्या इंजिनातही असंच.” तेलाचा तो उबदार वास त्यांच्या कपड्यांना माझ्या लहानपणी रोज येत असे.

बोट प्रवाहाविरुद्ध वरच्या दिशेने निघाली. शहराच्या खालच्या अंगाला ओहायो नदी सुमारे दोन मैलांत २६ फूट खाली उतरते. ‘फॉल्स ऑफ द ओहायो’ नावाच्या या खडकाळ उतारामुळेच येथे गाव वसले, कारण पाणी कमी असताना बोटी येथे रिकाम्या करून माल खुष्कीने पलीकडे न्यावा लागे. ओहायोवरची पहिली वाफेची बोट, ‘न्यू ऑर्लिन्स’, १८११ साली येथे येऊन पोहोचली आणि पाणी चढेपर्यंत थांबून राहिली. १८३० साली कालवा सुरू झाल्यावर ही अडचण पुष्कळशी दूर झाली. उथळ पाण्याशी बोट बांधणाऱ्यांनी कसे जुळवून घेतले ते ‘बेल’कडे पाहूनच कळते: एवढी मोठी बोट, पण तिला तरंगायला सुमारे पाच फूट पाणी पुरते.

समोरच्या काठावर, इंडियाना राज्यातील जेफरसनव्हिलमध्ये, हॉवर्ड घराण्याचा बोटी बांधण्याचा कारखाना १८३४ पासून सुमारे शंभर वर्षे चालला. त्यांच्या राहत्या वाड्यात आता स्टीमबोटींचे संग्रहालय आहे. तेथे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, आणि माझ्या मते तोच क्रम योग्य आहे: चालते इंजिन आधी पाहिलेले असले, म्हणजे काचेआडच्या लहान प्रतिकृतींमधले चाक, दांडा आणि बॉयलर आपोआप ओळखू येतात. फक्त संग्रहालयाच्या वेळा घरातून निघण्याआधी तपासून घ्याव्यात.