ब्रिस्टलची रात्रीची शर्यत: पुढच्या गाडीकडे बघू नका

५०० फेऱ्यांपैकी ४६२ फेऱ्या एकच माणूस पुढे! २१ सप्टेंबर २०२४ च्या रात्री टेनेसीतल्या ब्रिस्टल मोटर स्पीडवेवर काइल लार्सनने हे केलं आणि चेस एलियटला सातएक सेकंद मागे ठेवून तो जिंकला. नुसता निकाल वाचला तर कोणीही म्हणेल, काय कंटाळवाणा प्रकार. नॅसकारबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या या मोटार शर्यतींच्या मालिकेबद्दल, आपल्या लोकांचं मत तसंही ठरलेलंच असतं: गाड्या नुसत्या डावीकडे वळतात, त्यात बघायचं काय? मी स्टँडमध्ये बसून ही शर्यत शेवटपर्यंत पाहिली आणि घड्याळाकडे बघायची वेळ आली नाही. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून निघालो: मी, बायको आणि लेक. बूनमार्गे डोंगरातून गेलं की तीनेक तास लागतात. रस्ता सुंदर आहे, पण वळणांचा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी. गावात शिरायच्या आधी ट्रॅक दिसतो आणि दिसतो तो अंगावर येतो. लाखाच्या वर माणसं बसतील एवढे स्टँड आणि मध्ये जेमतेम ०.५३३ मैलांचा, म्हणजे साधारण ८६० मीटरचा लंबगोल. कोल्हापूरचं खासबाग मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच कळेल. कुठंही बसा, आखाडा अख्खा समोर. मोठ्या ट्रॅकवर गाड्या पलीकडे गेल्या की मुंग्या होतात आणि मग माणूस पडद्याकडेच बघत बसतो. इथंही मध्यभागी चारही बाजूंनी दिसणारा प्रचंड पडदा टांगलाय, पण त्याची गरज फक्त रिप्लेपुरती.

आता त्या ४६२ फेऱ्यांचं. एक फेरी पंधरा-सोळा सेकंदांत संपते. सदतीसच्या आसपास गाड्या, दीड-दीड टन वजनाच्या, एवढ्याशा वर्तुळात. त्यामुळे पुढचा गडी थोड्याच वेळात शेपटीला येऊन भिडतो आणि तिथून त्याची शर्यत संपेपर्यंत गर्दीतून वाट काढण्याची असते. फॉर्म्युला वनमध्ये निळा झेंडा दिसला की मागे पडलेल्याने वाट द्यायचीच. इथं तो झेंडा म्हणजे नुसती सूचना. आणि तो वाट का देईल? एका फेरीने मागे पडलेल्यांत जो सर्वांत पुढे असतो, त्याला पिवळा झेंडा लागला (म्हणजे अपघात वगैरे होऊन सगळ्यांना हळू चालवावं लागलं) की गमावलेली फेरी परत मिळते. म्हणजे पंचविसाव्या नंबरवरच्या गाडीलाही जिवाच्या आकांताने झगडायला कारण असतं. लार्सनला ही गर्दी कापताना पाहणं हाच त्या रात्रीचा मोठा भाग होता.

शिवाय त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे त्या रात्री प्लेऑफमधल्या, म्हणजे वर्षाच्या विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांतल्या, सोळा ड्रायव्हरांपैकी चौघं बाद होणार होते. कोण आत, कोण बाहेर हे गुणांवर ठरणार होतं आणि ते दर काही फेऱ्यांनी बदलत होतं. शेवटी मार्टिन ट्रुएक्स ज्युनियर, ब्रॅड केसलोव्स्की, टाय गिब्स आणि हॅरिसन बर्टन बाहेर पडले. माझ्या शेजारच्या आजोबांनी लार्सनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष कापाकापीच्या रेषेवर, म्हणजे बाराव्या आणि तेराव्या नंबरच्या मधल्या हद्दीवर.

म्हणून पहिला सल्ला: जिंकणाऱ्याला सोडा, मधला एक ड्रायव्हर आपला माना. दुसरा, स्कॅनर भाड्याने घ्या. आवारातच स्टॉल असतात. त्याने ड्रायव्हर, त्याचा क्रू चीफ (संघाचा प्रमुख) आणि छतावर उभा असलेला स्पॉटर यांचं बोलणं थेट कानात येतं. ड्रायव्हरला बाजूचं नीट दिसत नाही, त्यामुळे स्पॉटर अखंड सांगत असतो: “इनसाइड… इनसाइड… स्टिल देअर… क्लिअर.” म्हणजे आतल्या बाजूला गाडी आहे, अजून आहे, आता मोकळं. हे कानात आणि तीच गाडी डोळ्यांसमोर! लेकीला आधी काहीच कळेना. पन्नासेक फेऱ्यांनंतर ती स्पॉटरच्या आधीच “क्लिअर” म्हणायला लागली.

आवाजाबद्दल कुणी कितीही सांगितलं तरी तो ऐकल्याशिवाय पटत नाही. मुलांना कान पूर्ण झाकणारे हेडफोन हवेतच, मोठ्यांना निदान इअरप्लग. शेजाऱ्याशी बोलायचं तर पिवळा झेंडा लागेपर्यंत थांबावं लागतं.

तिकीट वरच्या रांगांचं काढा. लोकांना वाटतं, जाळीजवळ बसलं की मजा. शर्यत संपल्यावर आम्ही खाली जाऊन पाहिलं तर तिथल्या खुर्च्यांवर टायरच्या रबराचे काळे दाणे पडले होते, बोटाने चोळले की चिकटणारे. खालून गाडी सर्रकन जाते आणि संपते. वरून डावपेच दिसतात: कोण काँक्रीटच्या वरच्या कडेने जातंय, कोण खाली चिकटलंय. इथं डांबर नाही. १९९२ पासून काँक्रीट आहे आणि वळणांवर चढ २४ ते २८ अंशांचा.

शर्यतीच्या तासभर आधी तरी जागेवर बसाच. इथं एकेक ड्रायव्हर आपण निवडलेल्या गाण्यावर बाहेर येतो आणि लोक कौल देतात. डेनी हॅमलिनला हुर्यो ठरलेली. हे प्रेम-राग जुने आहेत. १९९९ च्या रात्रीच्या शर्यतीत डेल अर्नहार्टने शेवटच्या फेरीत टेरी लॅबाँटीला धक्का देऊन फिरवलं आणि जिंकला, तेव्हा त्याच्याच बालेकिल्ल्यात लोकांनी त्याची हुर्यो उडवली होती. त्यावर अजूनही वाद घालणारे भेटतात. शेजारच्या आजोबांना मी विषय काढून दिला, ती चूक म्हणावी की पुण्य कळत नाही. अर्धा तास गेला.

खाण्याचं: चौदा इंचांपर्यंतचा मऊ कूलर आत नेता येतो, काच चालत नाही. नियम बदलतात, जायच्या आधी स्पीडवेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. शाकाहाऱ्यांना आत नाचोज आणि फ्राइजपलीकडे फारसं काही नाही. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग नेलं होतं. भडंग पुढच्या रांगेपर्यंत पोचलं.

हॉटेलं शर्यतीच्या आठवड्यात अवाच्या सवा महाग होतात. ब्रिस्टलचा हट्ट न धरता जॉन्सन सिटी किंवा किंग्जपोर्ट बघा, आणि महिने आधी. दुपारी वेळ असेल तर गावातल्या स्टेट स्ट्रीटवर फिरा. रस्त्याच्या मधोमध राज्यांची हद्द, एक फूटपाथ टेनेसीत, दुसरा व्हर्जिनियात. पार्किंगसाठी रोख पैसे जवळ ठेवा, आसपासचे लोक आपल्या अंगणात गाड्या लावू देतात. निघताना घाई करून उपयोग नाही, तासभर तरी गाडी हलत नाही. आम्ही उरलेला चहा तिथंच संपवला. सप्टेंबरात दिवसा उकडतं, रात्री डोंगरातली हवा गार होते, तेव्हा एक जॅकेट असू द्या.

पुढचा बेत मार्टिन्सव्हिलचा आहे, व्हर्जिनियात. ट्रॅक जवळजवळ एवढाच, पण वळणांना चढ फक्त १२ अंश, त्यामुळे ब्रेक आणि धक्काबुक्की जास्त. जिंकणाऱ्याला तिथं चषकाऐवजी माणसापेक्षा उंच लाकडी घड्याळ देतात. शार्लटहून तर ते ब्रिस्टलपेक्षाही जवळ आहे, सकाळी निघून रात्री घरी परतता येईल. कुणी येणार असेल तर कळवा, तिकिटं एकत्र काढू.