पास आउट, दोनदा

स्मरणिकेसाठी शाळेकडून आलेल्या फॉर्मात एक रकाना आहे : 'पास आउट वर्ष'. तिथे माझं पेन अडलं. १९८८ लिहू की १९९०?

दहावी सुटलो १९९० ला. पण पास आउट झालो त्याआधीच, नववीत. १५ ऑगस्ट १९८८, वार सोमवार, तोही श्रावणी. पोटात उपास, पाऊस दडी मारून बसलेला आणि पाहुण्यांचं भाषण काही संपेना. झेंड्याच्या एका खांबाचे दोन झाले, मग एकही दिसेना. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाशी फोडलेला कांदा होता आणि शिपाईमामा माझ्या बुटांच्या नाड्या सोडत होते.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'ही पास्ड आउट.' मागून आवाज आला, "बाई, तो अजून नववीतच आहे!" झालं, अख्खा तास त्यावरच गेला. भोवळ येऊन पडणं हा इंग्रजांचा रोजचा अर्थ. लष्करात प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं हाही त्यांचाच, म्हणून खडकवासल्याला एनडीएत पासिंग आउट परेड. आपण तो शाळा-कॉलेजालाही लावतो, तिकडे सहसा लावत नाहीत. अमेरिकेत पेपर वाटायलाही पास आउट चालतं. "आणि आउटच्या जागी अवे लावलंत तर माणूस गेलाच, तेव्हा जपून!"

मी विचारलं, "पण बाई, चक्कर आली त्यात आउट कुठून आलं?"

"आई तुला 'खाऊन टाक' म्हणते, तेव्हा तू काय टाकतोस रे?"

आम्ही एबीसीडी गिरवली पाचवीत. (पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली.) क्रियापदांमागची ही शेपटं म्हणजे आम्हाला धडकीच. त्या तासानंतर मी इंग्रजीपेक्षा आपल्याच बोलण्याकडे कान देऊ लागलो. 'नको ते करून बसला' म्हणतात तो बऱ्याचदा उभाच असतो. 'सोडून दे' मध्ये कुणी कुणाला काही देत नाही. मग गिव्ह अप मधल्या अपनेच काय घोडं मारलंय?

रकान्यात शेवटी १९९० च लिहिलं. १९८८ चे साक्षीदार मेळाव्याला येणारच आहेत, आणि त्यातला एक तरी खिशात कांदा घेऊन येणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.