कडे मेंढ्यांना, वाटा आपल्याला

अमेरिकेतल्या आमच्या आयडाहो राज्यात हिवाळ्यात रस्ता तिथे संपतो, जिथून बर्फ काढणारी गाडी वळून माघारी फिरते. उन्हाळ्यात गाडी थेट डोंगराच्या पोटात नेणाऱ्या त्याच रस्त्यावर डिसेंबरात एका ठिकाणी छातीएवढा बर्फाचा बांध उभा असतो. बांधाच्या अलीकडे दहा-पंधरा गाड्या मावतील एवढी मोकळी जागा, एक लाकडी फलक आणि एक संडास. पलीकडे लाखो एकर सरकारी जंगल. स्कीवर जायचं असो, बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली रुंद चौकटी, म्हणजे स्नोशू, बांधून चालायचं असो की ट्रेलरवरून स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पळणारी मोटार, उतरवायची असो, सगळ्यांना याच एवढ्याशा जागेतून आत शिरावं लागतं. इथल्या हिवाळ्यातली बहुतेक भांडणं या पार्किंगमध्ये सुरू होतात.

घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, एवढ्या थंडीत करता तरी काय? आम्ही बाहेर पडतो. आयडाहो फॉल्सला आलो तेव्हा शेजारच्या आजींनी बजावलं होतं, की जानेवारी घरात बसून काढलात तर तो संपता संपायचा नाही. आणि बाहेर पडायला इथे जागेची ददात नाही. राज्याची साठ टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे आणि तिचा मोठा भाग फॉरेस्ट सर्व्हिस सांभाळते. देशभरात या खात्याकडे सुमारे १९.३ कोटी एकर जंगल आणि माळरान आहे. आत जायला बहुतेक ठिकाणी ना तिकीट, ना कुणाची परवानगी. सव्वाशेच्या आसपास स्की रिसॉर्टही याच खात्याच्या जमिनीवर परवाना घेऊन चालतात.

ही जमीन आपली आहे असं इथला शेतकरी, दुकानदार, शाळकरी पोर सगळेच ठासून सांगतात. २०२५ च्या जूनमध्ये सिनेटमध्ये लाखो एकर सार्वजनिक जमीन विकण्याची तरतूद पुढे आली, तेव्हा शिकारी, पर्यावरणवाले, स्नोमोबिलवाले, स्कीवाले सगळे एका सुरात विरोधात उभे राहिले. आयडाहोचे दोन्ही सिनेटर सत्ताधारी पक्षाचे, तरी त्यांनीही नाही म्हटलं, आणि महिना संपायच्या आत ती तरतूद मागे घेतली गेली. मला तो फार मोठा क्षण वाटला. पण जमीन राखायची यावर एकमत झालं, तरी हिवाळ्यात तिच्यावर कोणी कुठे जायचं यावर ते टिकत नाही.

आमच्यापासून साधारण दीड तासावर आयलंड पार्क नावाचं गाव आहे. तिथे हॅरिमन स्टेट पार्क म्हणून एक जुना गोठा-कुरणांचा रँच आहे. रेल्वेच्या धंद्यात मोठ्या झालेल्या हॅरिमन कुटुंबाने तो राज्याला देऊन टाकला, आणि देताना अट घातली, की आधी बागा-उद्यानं सांभाळणारं प्रशिक्षित खातं उभं करा. आयडाहोचं उद्यान खातं त्या अटीतून जन्माला आलं. हिवाळ्यात तिथे मोटारीचा आवाज नाही. पहाटे यंत्र फिरवून वाट दाबलेली असते, तिच्या कडेला स्कीसाठी दोन सरळ खोबणी पाडलेल्या असतात. त्या खोबणीत स्की बसली की पाय आपोआप सरकत राहतात. म्हणूनच स्नोशूवाल्याने खोबणीत पाऊल टाकायचं नाही, कडेने चालायचं, हा तिथला पहिला धडा. एकाच्या बुटाने पडलेला खड्डा रात्रीत गोठतो आणि दुसऱ्या दिवशी मागून येणारा तोंडावर पडतो. हेन्रीज फोर्क नदीचा काही भाग कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही आणि तिथे ट्रम्पेटर हंस हिवाळा काढतात. पांढऱ्या बर्फात पांढरे पक्षी, आधी फक्त काळ्या चोची दिसतात.

आणि हॅरिमनच्या हद्दीबाहेर पडलात की आयलंड पार्क म्हणजे स्नोमोबिलवाल्यांची पंढरी. शेकडो मैलांच्या वाटा, पेट्रोल पंपावर गाड्यांऐवजी स्नोमोबिलींची रांग, हेल्मेट काखेत धरून नाश्त्याला बसलेली कुटुंबं. मला स्वतःला मोटारीविना चालायला आवडतं, पण या लोकांना नावं ठेवणं मला पटत नाही. तिथली हॉटेलं, गॅरेजं, दुकानं हिवाळ्यात त्यांच्या जिवावर उभी असतात. वाटा दाबायचा खर्चही त्यांच्या स्नोमोबिल नोंदणीच्या शुल्कातून निघतो आणि त्याच वाटांवरून पुष्कळदा स्कीवालेही जातात. गुडघे गेलेला सत्तरीचा माणूस डोंगरमाथ्यावरचा सूर्यास्त बघू शकतो तो त्या यंत्रामुळेच.

पण मोकळं सोडलं तर काय होतं, हेही याच भागाने पाहिलं आहे. यलोस्टोन नॅशनल पार्कचा पश्चिम दरवाजा आयलंड पार्कहून जवळच. १९९० च्या दशकात हिवाळ्यातल्या गर्दीच्या दिवशी हजाराहून जास्त स्नोमोबिल पार्कमध्ये शिरत. जुनी टू-स्ट्रोक इंजिनं, पेट्रोलबरोबर तेलही जाळणारी. दरवाजावर तिकीट देणाऱ्या रेंजरना धुरापासून वाचायला मास्क लावावे लागले. मग पूर्ण बंदी जाहीर झाली, सरकार बदललं, बंदी उठली, दोन्ही बाजू कोर्टात गेल्या, आणि हे असं दहा-बारा वर्षं चाललं. शेवटी २०१३ च्या नियमाने मार्ग निघाला. दिवसाला जास्तीत जास्त ११० गट, त्यात बर्फावर चालणाऱ्या बसही आल्या. स्नोमोबिलच्या एका गटात दहाहून जास्त यंत्रं नाहीत. यंत्र कमी धूर आणि कमी आवाजाचं हवं, बरोबर वाटाड्या हवा. ज्यांना आपलं आपण जायचं आहे त्यांच्यासाठी सोडत काढून रोज प्रत्येक दरवाजातून एक छोटा गट सोडतात. मी हा नियम मुद्दाम तपशिलात सांगते आहे, कारण नुसता आकडा कमी न करता गट मोजायचं ठरलं, ही त्यातली खरी हुशारी. रस्त्यावरच्या बायसनला, म्हणजे इथल्या गव्याला, एकदा दहा यंत्रं मिळून जाणं सोसतं, दर दोन मिनिटांनी एक जाणं सोसत नाही.

प्राण्यांचं गणित साधं आहे. एल्क आणि म्यूल डिअर ही हरणं, गवे, रानमेंढ्या हे सगळे शरद ऋतूत चरबी साठवतात आणि हिवाळाभर ती पुरवून पुरवून खर्च करतात. बर्फाखालचं वाळलेलं गवत पोटाला आधार देतं, पण वजन घटतच जातं. फेब्रुवारीअखेर अंगात उरतं ते जेमतेम. अशा वेळी पोटापर्यंतच्या बर्फातून दोनशे मीटर पळावं लागणं हा मोठा खर्च असतो, आणि आपल्याला तो दिसत नाही. जनावर उठून झाडीत गेलं एवढंच दिसतं. गाभण मादी असेल तर त्याची किंमत मेमध्ये कळते. बर्फाच्या खालीही एक जग आहे. जमीन आणि बर्फ यांच्यामध्ये पोकळी असते, तिथलं तापमान शून्य अंशाच्या आसपास टिकून राहतं, आणि उंदीर, व्होल तिथे बोगदे करून हिवाळा काढतात. वरचा बर्फ दाबला गेला की ती पोकळी आणि ती ऊबही जाते.

मोटार नाही म्हणजे त्रास नाही, असं आम्हा स्कीवाल्यांना मनापासून वाटत असतं. टेटन पर्वतातल्या बिगहॉर्न या रानमेंढ्यांनी या समजुतीला तडा दिला. आमच्या पूर्वेला, आयडाहो आणि वायोमिंगच्या सीमेवर हा पर्वत उभा आहे. तिथला मेंढ्यांचा कळप शंभर-सव्वाशेच्या घरातला. पूर्वी या मेंढ्या हिवाळ्यात खाली दऱ्यांत उतरत. दऱ्यांत वस्ती झाली, रस्ते झाले, त्यांच्या जुन्या वाटा मोडल्या. आता त्या हिवाळा तीन हजार मीटरच्या आसपासच्या उघड्या कड्यांवर काढतात, जिथे वारा बर्फ उडवून लावतो आणि चार काड्या गवत उघडं पडतं. नेमके त्याच उंचीवरचे उतार चढून जाणाऱ्या स्कीवाल्यांनाही हवे असतात.

संशोधकांनी मेंढ्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधले आणि स्वखुशीने तयार झालेल्या स्कीवाल्यांच्या हातीही जीपीएस दिले. दोन्हींच्या रेघा एकाच नकाशावर काढल्या, तेव्हा दिसलं की माणसं जातात तिथून मेंढ्या हटतात. चारा चांगला असला तरी हटतात आणि येणारी माणसं थोडी असली तरी हटतात. काही मेंढ्यांची चांगल्या जागेतली तीस टक्क्यांपर्यंत जागा अशी हातची गेली होती. त्या मेंढ्या जास्त चालत होत्या, म्हणजे जास्त चरबी जाळत होत्या. मला हा निष्कर्ष वाचून फार वाईट वाटलं. ज्या शांततेसाठी आपण डोंगरात जातो, ती आपल्या नुसत्या असण्यानेही मोडते.

ग्रँड टेटन नॅशनल पार्कमध्ये स्टॅटिक पीक, प्रॉस्पेक्टर्स माउंटन आणि माउंट हंट यांचे माथे हिवाळ्यात मेंढ्यांसाठी बंद ठेवतात. वायोमिंगमधल्या जॅक्सन गावाच्या आजूबाजूचे एल्क आणि हरणांचे उतारही १ डिसेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत माणसांना बंद असतात. आणखी कुठले कडे बंद करावेत यावर दोन्ही राज्यांत लोकांना बोलावून बैठका झाल्या. अशा बैठकीत काय होतं ते सांगायला हवं. टेबलावर मोठा नकाशा पसरलेला, बाजूला रंगीत पेनं. खात्याचा माणूस फक्त ऐकून घेत असतो. एक म्हातारा बर्फाळलेल्या बुटांनी आत येतो, नकाशावर बोट ठेवून म्हणतो, ही घळ बंद करा, तिथून कुणी जात नाही, पण हा दांडा बंद केलात तर मागच्या दरीत उतरायची सुरक्षित वाट जाते आणि पोरं हिमस्खलनाच्या उतारावरून उतरतील. आणि असं बारीक बोलणं कामाला येतं. वाटा माहीत असलेला माणूसच सांगू शकतो, की कुठली रेघ शंभर मीटर सरकवली तर मेंढीलाही जागा मिळेल आणि माणसालाही.

कायद्याची चौकट मोठी आहे, मी थोडक्यात सांगते. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला, की सार्वजनिक जमिनीवर मोटारी कुठे चालतील हे ठरवताना माती, झाडोरा, प्राणी आणि इतर लोक यांना कमीत कमी त्रास व्हावा. उन्हाळ्यातल्या गाड्यांना २००५ च्या नियमाने रेघा आखून दिल्या, स्नोमोबिलींना मात्र तेव्हा सूट राहिली. २०१३ मध्ये आयडाहोच्याच केंद्रीय न्यायालयाने ती सूट बेकायदा ठरवली आणि २०१५ च्या नियमाने सांगितलं, की पुरेसा बर्फ पडतो तिथे नकाशावर जे खुलं दाखवलं तेवढंच खुलं. तेव्हापासून इतकी वर्षं गेली, तरी अनेक जंगलांचे हिवाळी नकाशे अजून झालेले नाहीत. मनुष्यबळ कमी, पैसा कमी.

आपल्याकडे कास पठारावर फुलांच्या हंगामात रोज किती माणसं सोडायची ही मर्यादा आली, तेव्हा नाराजी झाली होती, आणि इथेही होते. पण नाराजीचं एक कारण मला रास्त वाटतं. बंद करायला एक फलक पुरतो, खुलं ठेवायला मात्र रोज राबावं लागतं. बर्फ काढणारी गाडी, संडासाची सफाई, वाट दाबणारं यंत्र, हिमस्खलनाचा रोजचा अंदाज लिहिणारा माणूस, यातलं काहीही आटलं तर लोक आटत नाहीत, ते उरलेल्या दोन-तीन जागी गर्दी करतात. टेटन पास या घाटाच्या माथ्यावर ताजा बर्फ पडला की उजाडायच्या आत पार्किंग भरतं, आणि वरच्या उतारावर कुणी बर्फ सुटवला तर तो खाली वाहत्या हमरस्त्यावर येऊ शकतो. त्यातच ज्या वर्षी बर्फ कमी पडतो, त्या वर्षी खालच्या वाटा उघड्या पडतात आणि सगळेच उंचावर चढतात, म्हणजे मेंढ्यांच्या आणखी जवळ.

टेटनच्या पश्चिम उतारावरच्या ग्रँड टार्गी स्की रिसॉर्टचा, आपल्या परवान्याची हद्द टेटन कॅन्यन या दरीच्या बाजूला वाढवण्याचा प्रस्ताव फॉरेस्ट सर्व्हिसपुढे आला. अशा प्रस्तावाच्या मसुद्यावर कुणीही आपलं म्हणणं लिहून पाठवू शकतं, नागरिकत्व लागत नाही. मीही पाठवलं आहे. कॅन्यनच्या बाजूचे उतार मेंढ्यांसाठी सोडा, आणि खाली व्हॅलीत हिवाळ्यातही बर्फ काढून ठेवलेलं आणखी एक पार्किंग करा, स्नोमोबिलचा ट्रेलर वळेल एवढं मोठं. या दोन्ही मागण्या मी मुद्दाम एकाच पत्रात लिहिल्या.